बंद झालेल्या राइडसाठी माणसं एवढी का हळहळतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, मुंबईचं एस्सेलवर्ल्ड पार्क बंद झालं तेव्हा तुमच्या शाळेच्या ग्रुपवर चाळिशीतली माणसं रडकुंडीला आली, अमेरिकेत तर लोक बंद पडणाऱ्या राइडसाठी टी-शर्ट छापतात; शेवटी ते लोखंड आणि मोटारच ना? आणि दोन, आता मुलीला कुठे न्यावं. दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी देते.

लोखंड आणि मोटार या माझ्या रोजच्या गोष्टी आहेत, कारण मी लिफ्टच्या देखभालीचं काम करते. त्या अधिकाराने सांगते, मोटारीसाठी कोणीही रडत नाही. याचा सगळ्यात पक्का पुरावा फ्लोरिडात आहे. तिथल्या डिस्ने वर्ल्डमध्ये स्प्लॅश माउंटन नावाची पाण्यातली राइड होती. लाकडी ओंडक्यासारख्या होडीत बसायचं, गाणारी-बोलणारी यांत्रिक जनावरं बघत हळूहळू पुढे जायचं आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून धाडकन खाली. तिची गोष्ट १९४६च्या एका चित्रपटातून घेतलेली होती. त्या चित्रपटात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरचं कृष्णवर्णीयांचं जगणं गुलाबी रंगवलंय म्हणून त्यावर जुनी आणि रास्त टीका होती. २०२०मध्ये डिस्नेने राइडचा विषय बदलायचं जाहीर केलं, जानेवारी २०२३मध्ये ती बंद झाली आणि जून २०२४मध्ये नव्या नावाने, नव्या पात्रांसह उघडली.

आता गंमत बघा. पन्हळ तीच, उतार तोच, शेवटची उडीही तीच. यंत्र म्हणून बघितलं तर राइड बंद झालीच नाही, तिचं रंगकाम झालं. तरी बंद होताच लोकांनी तिथलं पाणी बाटल्या-पिशव्यांत भरून इंटरनेटवर विकायला काढलं. (पाणी! तेही क्लोरीन घातलेलं. गंगाजल विकणाऱ्या देशातून आल्यामुळे मी फार हसू शकले नाही.) विषय बदलणं योग्यच होतं असं माझं मत आहे, पण त्या हळहळणाऱ्यांना सगळ्यांना एका मापाने वंशद्वेष्टे ठरवणंही मला पटत नाही. त्यातल्या बहुतेकांनी तो चित्रपट बघितलेलाही नसणार, कारण अमेरिकेत डिस्नेने तो व्हिडिओवर कधी काढलाच नाही. त्यांना आठवतो तो क्रम: हे वळण, मग हे गाणं, मग तो अंधार, मग वर चढताना झाडावर बसलेली ती दोन गिधाडं, मग उडी. यंत्र राहिलं आणि क्रम गेला. राइड म्हणजे तो क्रमच, असं माझं म्हणणं.

उलटं उदाहरणही तिथलंच. मिस्टर टोड नावाच्या बेडकाची एक वेडीवाकडी राइड होती. छोट्या मोटारीत बसून तुम्ही घरांतून, कोठारांतून धडका देत जाता, शेवटी समोरून येणाऱ्या आगगाडीखाली सापडता आणि थेट नरकात पोचता. लहान मुलांची राइड आहे हं ही. फ्लोरिडात ती ७ सप्टेंबर १९९८ला बंद झाली. त्याआधी चाहत्यांनी हिरवे टी-शर्ट घालून राइडसमोर शांतपणे धरणं धरलं. कंपनी काही बधली नाही, तिथे विनी द पू नावाच्या एका पिवळ्या अस्वलाची राइड आली. मात्र त्या नव्या राइडच्या एका भिंतीवर, बेडूकराव अस्वलाच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हातात घराची कागदपत्रं सोपवत आहेत असं चित्र कारागिरांनी टांगलं, आणि शेजारच्या भुताच्या बंगल्याबाहेरच्या स्मशानात बेडूकरावांचा एक छोटा पुतळा उभा केला. खातेबदलाची नोंद इतक्या प्रेमाने आपल्या तलाठी कार्यालयातही होत नसेल.

आता यातली खरी खोच अशी की कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये मिस्टर टोड १९५५पासून चालू आहे. नाव तेच, नरक तोच. तरी फ्लोरिडावाल्यांचं त्याने समाधान होत नाही, कारण त्यांच्याकडे दोन वेगवेगळे रूळमार्ग होते आणि तुम्ही कुठल्या रांगेत उभे राहता त्यावर काय दिसणार ते ठरायचं. त्यांचा क्रम वेगळा होता, आणि तो जगात कुठेच उरलेला नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हुरहूर लागते ती अशा राइडची जिच्यात मी कधी बसलेच नाही. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्याच एपकॉट पार्कमधली होरायझन्स. १९८३ ते १९९९. जनरल इलेक्ट्रिकच्या पैशावर चालणारी, भविष्यात माणसं कशी राहतील ते दाखवणारी, पंधरा मिनिटांच्या आसपासची संथ सफर. एक म्हातारं जोडपं बोलत असतं आणि तुम्ही त्यांच्या कुटुंबाची घरं बघत जाता: वाळवंटातली शेती, समुद्राखालची वस्ती, अवकाशातलं ठाणं. वाळवंटातल्या बागेपाशी संत्र्यांचा वास सोडायचे. शेवटी गाडीतल्या चौघांनी बटणं दाबून मत द्यायचं की परत कुठल्या वाटेने जायचं, आणि बहुमताप्रमाणे पडद्यावर तो प्रवास दिसायचा. एका दृश्यात नातवाचा वाढदिवस आहे आणि लांबचे नातेवाईक प्रकाशातून उमटलेल्या प्रतिमांच्या रूपात हजर होतात. न्यू जर्सीतल्या नातवंडाचा केक डोंबिवलीत बसून मोबाइलवर कापला जाताना बघणाऱ्या आजी-आजोबांना यात आता काही नवल वाटणार नाही.

१९९३मध्ये प्रायोजक कंपनी बाहेर पडली. वर्षभराने राइड बंद झाली. मग शेजारच्या दोन इमारती दुरुस्तीला काढल्या म्हणून पार्कात बघण्यासारखं काही उरेना, तेव्हा हिला पुन्हा चालू केलं. बदली कामगार म्हणून परत बोलावलेली राइड! जानेवारी १९९९मध्ये ती कायमची थांबली, इमारत पाडली गेली आणि त्या जागी अंतराळयानाची राइड उभी राहिली. शेवटच्या काही वर्षांत दोन तरुण चालत्या गाडीतून गुपचूप उतरून देखाव्यांच्या मागे जायचे आणि सगळं टिपून ठेवायचे. नियम धाब्यावर बसवून, जिवाला धोका पत्करून. देखभालवाली म्हणून मी त्यांना धरून बाहेर काढलं असतं. प्रेक्षक म्हणून त्यांचे उपकार मानते, कारण आज त्या राइडचं जे काही बारकाव्यांनिशी बघायला मिळतं त्यातलं बरंच त्यांच्यामुळे.

म्हणजे बघा, पुस्तक कपाटात राहतं, सिनेमाची प्रत काढता येते. राइड ही नाटकासारखी आहे: प्रयोग लागला तर ती आहे, नाही लागला तर नाही. आणि नाटकाची निदान संहिता छापलेली असते. बालगंधर्वांचं गाणं तबकडीवर राहिलं, पदर सावरत रंगमंचावर येणं ज्यांनी बघितलं त्यांच्याबरोबर गेलं. राइडच्या बाबतीत गाणंही जातं आणि येणंही जातं, कारण प्रयोग चालू ठेवायचा तर रोज वीज, माणसं, विमा आणि सुटे भाग लागतात. सुट्या भागांचं तर विचारू नका. बनवणारी कंपनीच बुडते. जगभर रोलर कोस्टर पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या ॲरो कंपनीचं २००१मध्ये दिवाळं निघालं. मग जुन्या नियंत्रण पेटीचं एक कार्ड मिळवायला काय यातायात पडते ते लिफ्टवाल्यांना विचारा. वेल्डिंगच्या सांध्यांना थकवा येतो, म्हणून त्यांची ठरावीक काळाने तडा-तपासणी करावी लागते आणि एक दिवस हिशेब असा येतो की दुरुस्तीपेक्षा नवी राइड स्वस्त. तिथे भावनेला रकाना नसतो.

आता एस्सेलवर्ल्ड. इथे माझा सिद्धान्त जरा अडचणीत येतो, म्हणून मुद्दाम घेते.

१९८९मध्ये सुरू झालेल्या या पार्कातल्या बऱ्याचशा राइड जगभरात सापडतात तशाच होत्या. एंटरप्राइजचंच घ्या. आधी आडवं फिरणारं, मग हळूहळू तिरकं होत जवळजवळ उभं राहणारं चाक. वेगामुळे तुम्ही आसनात असे दाबले जाता की उलटे होऊनही खिशातली नाणी खिशातच राहतात. तशी चाकं युरोपच्या जत्रांमधून फिरत असतात. टॉप स्पिनही तसंच. डॉजेम गाड्या तर जगात कुठेही: वर जाळी, खाली पत्रा, दांड्याच्या टोकाला ठिणग्या आणि तो जळका वास. थंडर, रेनबो, कॉपर चॉपर ही नावं आपल्याला पाठ आहेत, पण त्यात स्प्लॅश माउंटनसारखी गोष्ट कुठे होती? मग ही हळहळ कशाची?

मी बोरिवलीची आहे, त्यामुळे मला वाटतं मला उत्तर माहीत आहे. तिथली खरी राइड पार्कच्या फाटकाच्या बाहेर सुरू व्हायची. आधी टीव्हीवरची ती जाहिरात, जिच्यात मुलगा घरी जायला तयारच नाही. ती पाठ असल्याशिवाय वर्गात इज्जत नव्हती. मग स्टेशनवरून बेस्टची बस. मग गोराई खाडीची जेट्टी (मालाडवाले मार्व्याहून यायचे आणि आपलाच मार्ग श्रेष्ठ म्हणायचे). मग फेरीबोट, डिझेलचा धूर, दोन्ही काठांना खारफुटी, वाऱ्याबरोबर येणारा सुक्या बोंबलांचा वास, आणि मोटरसायकली चढवणाऱ्या गोराईकरांच्या मधोमध दबून उभी असलेली शाळेची आख्खी सहल. मुंबईच्या मुलाला मुंबईतच राहून बोटीने परगावी गेल्यासारखं वाटायचं. पलीकडे उतरलं की जायंट व्हील दिसायचं. दमट मुंबईत बर्फाची स्केटिंग रिंक, तिथे भाड्याच्या बुटांत पाय घालून पडणं, मग चार वाजता बाईंची शिट्टी, हजेरी, आणि परतीच्या बोटीत झोपलेली पोरं. एकेक तुकडा साधा, क्रम मात्र फक्त तिथलाच. कोणीतरी आराखडा काढून बनवला नव्हता, खाडीने बनवला होता.

आणि म्हणून ती हळहळ विचित्र आहे, कारण तुकडे बरेचसे शाबूत आहेत. १९९८मध्ये शेजारी आलेलं वॉटर किंगडम आहे. बोट आहे. तिच्यातून उतरणारे बरेच जण आता ग्लोबल विपश्यना पॅगोड्याला जातात. तो २००९मध्ये खुला झाला आणि खाडीवरून सोनेरी चमकताना लांबून दिसतो. ज्या जमिनीने दोन पिढ्यांना किंचाळायला लावलं तिच्या शेजारी लोक डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतात, हे मला आवडतं. पण २०२२मध्ये मधला तुकडा गेला आणि क्रम तुटला. तुमच्या ग्रुपवरचे लोक थंडरसाठी रडत नाहीयेत. थंडर दुसरीकडे नेऊन उभं केलं तर त्यातले किती जण तिकीट काढतील?

दिल्लीकरांचं अप्पू घरबाबत असंच आहे. १९८४मध्ये सुरू झालं, नाव आशियाई खेळांच्या हत्तीवरून, २००८मध्ये बंद, जागेचा मोठा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला. पुणेकर खाली कॉमेंटमध्ये येऊन पेशवे पार्कच्या फुलराणी या छोट्या आगगाडीचं नाव काढतीलच, तर आधीच काढून ठेवते: १९५६ची आहे, मान्य, तुमची सगळ्यात जुनी.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण कोणीतरी विचारेल: हे निव्वळ बालपणाचं वेड नाही का? थोडं आहे. पण मग सगळ्याच राइडची आठवण सारखी यायला हवी होती, आणि तसं होत नाही. चाहत्यांच्या गप्पा ऐका. वेगवान कोस्टर गेला की चार दिवस चर्चा होते, मग त्याहून उंच कोस्टर येतो आणि विषय संपतो. वर्षानुवर्षं शोक चालतो तो संथ, अंधाऱ्या, वास आणि आवाज असलेल्या राइडचा. एपकॉटमधलाच फिगमेंट नावाचा जांभळा ड्रॅगन घ्या. १९९८मध्ये त्याची मूळ राइड बंद करून त्याला जवळजवळ हद्दपार केलं, तर लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २००२मध्ये त्याला परत आणावं लागलं. २०२२मध्ये त्याच्या आकाराचा पॉपकॉर्नचा डबा विक्रीला आला तेव्हा लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. मूळ राइड मात्र परत आली नाही, डबाच आला.

आता मुलीला कुठे न्यायचं. खोपोलीजवळ इमॅजिका आहे, २०१३पासून. सगळे तुम्हाला नायट्रोच्या रांगेत ढकलतील. उत्तम कोस्टर आहे, बसा, पण दुपारी बसा. सकाळी माणसं कमी असताना आधी अंधारातल्या आणि गोष्टीच्या राइड गाठा: अलिबाबाची गुहा, सलीमगढचं भूत, राजासॉरसची होडी (हा डायनोसॉर खरा आहे बरं का, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला, २००३मध्ये त्याला नाव मिळालं; मुलीला सांगा). त्या दिवशी ज्या चालू असतील त्या. नायट्रोच्या जातीचे कोस्टर तिला मोठेपणी परदेशात मिळतील, या मिळणार नाहीत. आणि परवानगी असेल तिथे रांगेतला आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, व्हिडिओ नाही, नुसता आवाज. अंधारात व्हिडिओत काळं सोडून काही येत नाही, आणि मागच्याच्या डोळ्यांवर तुमच्या पडद्याचा उजेड पडतो तो वेगळाच.