वाचकांचे प्रश्न : खंड पडलेली वही

छंदांच्या नोंदवह्या आणि रोजनिशी यांबद्दल ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न : नेरूळला टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळ जागेवरच्या पक्ष्यांच्या नोंदी मी काही वर्षं नियमित ठेवत होते. मुलगी झाली आणि वही बंद पडली, त्याला आता आठ महिने झाले. मधले महिने आठवून भरून काढावेत का? सध्या बाहेर पडायला जेमतेम अर्धा तास मिळतो. तेवढ्यात केलेल्या नोंदीला काही अर्थ असतो का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : मधले महिने तारीखवार भरू नका. जागेवर केलेली नोंद आणि मागाहून आठवून लिहिलेली नोंद एकाच शाईत, एकाच पद्धतीने शेजारी-शेजारी आल्या की दोन वर्षांनी तुम्हालाच त्या वेगळ्या काढता येणार नाहीत. मग जुन्या, खऱ्या नोंदींवरही शंका यायला लागते. त्याऐवजी खंडासाठी एकच पान द्या. वर 'नोंदी नाहीत' असं लिहून कधीपासून कधीपर्यंत त्या तारखा घाला आणि कारण एका ओळीत लिहा. त्याखाली जे नक्की आठवतंय तेवढंच लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे 'आठवणीतून' अशी खूण करा.

त्या काळातले फोटो फोनमध्ये असतील तर ते मात्र पुरावा म्हणून धरता येतात. फोटोच्या तपशिलात तो काढल्याची तारीख, वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर विसंबू नका. पाठवताना मूळ तपशील गळून जातो आणि फाइलच्या नावात दिसते ती तारीख फोटो काढल्याची नसते.

आता अर्ध्या तासाबद्दल. त्या जागेवर तुम्ही किती वेळ होता यापेक्षा कोणत्या वेळी होता हे महत्त्वाचं आहे. ओहोटीला फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या उघड्या चिखलावर चरत असतात. भरतीने तो चिखल पाण्याखाली गेला की ते आतल्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. त्यामुळे 'आज फ्लेमिंगो नाहीत' एवढीच नोंद केली तर तिचा उपयोग शून्य, कारण पक्षी नव्हते की तुम्ही ओहोटीला गेला होता, हे कळायला मार्ग नाही. नोंदीत भरतीची वेळ आलीच पाहिजे.

भरतीचा अंदाज घ्यायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. नवमी-दशमीच्या आसपासच्या सकाळी तुमच्या अर्ध्या तासाला सगळ्यात सोयीच्या. त्या कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. हा हिशेब घरातून कधी निघायचं ते ठरवण्यापुरता. वहीत भरतीच्या तक्त्यातली वेळच लिहायची.

पूर्वी तुम्ही पानभर लिहीत असाल. आता नोंद तीन ओळींची करा, पण ठरलेल्या क्रमाने :

१२ फेब्रु. स. ७.१०–७.४०. चाणक्य, बांधावरून. भरती ६.५०.
फ्लेमिंगो अं. २०० (दहाच्या गटाने). शेकाट्या १४. तुतवार २.
ढग नाही, वारा नाही. बांधावर कुत्री, पक्षी एकदा उडाले.

'दहाच्या गटाने' म्हणजे दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरायचं आणि तेवढ्या जागेचे गट पुढे मोजत जायचं. कशा पद्धतीने मोजले हे लिहिलं की २०० हा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. मोजले नसतील तर आकडा टाकू नका, 'बरेच' लिहा. खोट्या नेमक्या आकड्यापेक्षा ते कितीतरी बरं.

ज्या आठवड्यात अजिबात बाहेर पडता येणार नाही, त्यात खिडकीतून दहा मिनिटं. खिडकी तीच, वेळ शक्यतो तीच, आणि दिसलेला प्रत्येक पक्षी, कावळा-कबुतरासकट. हात मोकळे नसतील तर फोनला मराठीत सांगून टिपून घ्या, पण त्याच दिवशी वाचून दुरुस्त करा. पक्ष्यांची नावं फोन हमखास चुकीची ऐकतो आणि आठवड्याने 'तुतवार'च्या जागी पडलेला भलताच शब्द काय असावा हे ओळखता येत नाही.

प्रश्न : माझी ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोकरी आहे आणि आता रात्रपाळी लागली आहे. रात्री दोनला लिहिलेली रोजनिशी कोणत्या तारखेत घालायची? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या तारखेत, आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कोणत्या तारखेपासून लागू ते धरून. पाळी बदलली तरी नियम बदलू नका. रोज जमत नसेल तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पाच ओळी, पण त्या दिवशी नक्की.

प्रश्न : निवृत्तीनंतर बाल्कनीतली बाग, जलरंग, येऊरच्या फेऱ्या आणि बासरी असं सगळं सुरू केलं. प्रत्येकाची वेगळी सुंदर वही घेतली. चारही अर्ध्यावर आहेत. – एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : वह्या चार आहेत हीच अडचण आहे. लिहायच्या वेळी हवी ती वही हाताशी नसते, म्हणून नोंद राहते, आणि पंधरा दिवस राहिली की ती वही उघडायचंच जिवावर येतं. सगळं एकाच वहीत, तारखेच्या क्रमाने लिहा. ए-५ आकाराची, शिलाईची बांधणी असलेली वही घ्या. फक्त गोंदाने चिकटवलेल्या कण्याची पानं वर्षभरात सुटतात, आणि स्पायरलची पानं ओढली की भोकांपाशी फाटतात. शाईपेन वापरत असाल तर कागद ८० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) खाली नको, १०० असेल तर उत्तम.

पहिली चार पानं सूचीसाठी कोरी ठेवा आणि बाकीच्यांना आधीच क्रमांक घाला, एका बैठकीत होतं. समासात छंदाची खूण : बा., रं., ये., बास. महिनाअखेरीला दहा मिनिटं बसून सूचीत 'मिरची – १२, १९, ३१' असे पानांचे आकडे उतरवायचे. या सूचीमुळे वेगळ्या वहीची गरज उरत नाही.

अपवाद जलरंगाचा. रंगांची चाचणी वहीच्या कागदावर करून काही कळत नाही, कारण तो कागद पाणी वेगळ्या तऱ्हेने पितो. त्या पट्ट्या चित्र ज्या ३०० जीएसएम कागदावर काढता त्याच्याच कडेच्या तुकड्यांवर करा, मागे रंगांची नावं आणि तारीख लिहा आणि पाकिटात ठेवा. वहीत फक्त पाकिटाचा क्रमांक.

बागेच्या नोंदीत कौतुकापेक्षा मोजमाप जास्त असू द्या : पेरल्याची तारीख, कुंडीचा व्यास, मातीत काय किती मिसळलं, ऊन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. मिरचीची पानं वळायला लागली तर कोणत्या दिवशी लागली आणि आधी नवी पानं वळली की जुनी, हे लिहा. फुलकिड्यांचा त्रास कोवळ्या पानांवर आधी दिसतो. ही एक ओळ असेल तर पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यातच उपाय करता येतो.

चारातला एखादा छंद सुटणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सोडताना त्याला अर्धं पान द्या : शेवटी कुठवर आलो होतो, काय अडलं, साहित्य घरात कुठे ठेवलं आहे. तीन वर्षांनी बासरी पुन्हा हातात घ्यावीशी वाटली तर कोणत्या स्वराशी फुंक फुटत होती हे तिथे सापडेल.

प्रश्न : आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. निदान तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं आहे. वीस-बावीस जुन्या वह्या आहेत, काहींना बुरशीचे डाग आहेत, काहींत कसर दिसली. तिकिटं, पावत्याही चिकटवलेल्या आहेत. कशा न्याव्यात? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : आधी वाळवणं, मग बांधणं. बहुतेक लोक उलटं करतात : पावसाळ्यात घाईने वह्या प्लास्टिकच्या घट्ट डब्यात घालतात आणि निश्चिंत होतात. कागदात मुरलेली ओल डब्यातच कोंडते आणि डबा उघडेपर्यंत सगळ्या वह्यांना बुरशी. हवाबंद डबा फक्त कोरड्या कागदाला राखतो.

घर बदलायची तारीख हातात असेल तर वाळवणं हिवाळ्यात उरका. वह्या उभ्या ठेवून पानं पंख्यासारखी उघडा, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर तीन-चार दिवस. कडक उन्हात टाकू नका. शाई विटते, कागद ठिसूळ होतो. बुरशीच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या काढा. पूर्ण वाळल्यावर गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटका. ओल्या फडक्याने पुसलं तर ती कागदाच्या धाग्यांत जाऊन बसते आणि शाईही पसरते. डाग राहतील, त्यांच्या मागे लागू नका. कसर बहुधा कण्याच्या आत आणि पुठ्ठ्याच्या कव्हराखाली असते, तिथेही ब्रश फिरवा.

मग २० लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल, सुती पुरचुंड्यांत बांधून. केशरी दाण्यांचं घ्या. ओल शोषली की ते हिरवे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी असल्यामुळे घरात नको. हिरवे झालेले दाणे ताटलीत पातळ पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवले की पुन्हा केशरी होतात. ती ताटली स्वयंपाकात वापरायची नाही. जूनआधी एकदा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा दाण्यांचा रंग बघा. डांबरगोळ्या बुरशीला काही करत नाहीत, शिवाय काही प्रकारचं प्लास्टिक त्यांनी मऊ पडतं. तान्हं बाळ असलेल्या घरात तर त्या आणूच नका. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेला नसेल तर तोच ओल आणतो.

भाड्याच्या घरात डबे ठेवायची जागा पहिल्याच दिवशी ठरवा. बाथरूमला लागून असलेली भिंत नको, पावसाच्या तोंडची बाहेरची भिंत नको, वरच्या मजल्यावर असाल तर गच्चीखालचा माळाही नको. जमिनीपासून चार बोटं तरी वर, भिंतीपासून सुटं. एका खोक्यात १५ किलोपेक्षा जास्त भरू नका. सामान उतरवणाऱ्या माणसाचा हात सुटला की वह्यांचे कणेच मोडतात. खोक्यावर 'पुस्तकं' असं न लिहिता वर्षं लिहा, आणि हीच यादी फोनमध्येही ठेवा.

पावत्यांचं काम मात्र आजच करा. एटीएमच्या स्लिपा, दुकानातली बिलं, यंत्रातून निघणारी बरीच तिकिटं थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदावरचा लेप काळा होतो आणि काही वर्षांत मजकूर उडून जातो. जपण्यासाठी लॅमिनेट करायला दिलं तर त्या उष्णतेने अख्खा कागदच काळा पडतो, हे फार जणांच्या बाबतीत होतं. झेरॉक्स काढा किंवा ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मूळ कागदामागे पेन्सिलीने तारीख लिहा. सेलोटेप लावलेला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर घेऊन येतो. नव्याने चिकटवायला घरची गव्हाच्या पिठाची पातळ खळ उत्तम, पण त्यानंतर ते पान दिवसभर उघडं वाळलं पाहिजे. स्टेपलरच्या पिना काढून टाका. पावसाळ्यात त्या गंजतात आणि गंज कागद खातो.

प्रश्न : २००३ ते २००९ या काळात मराठीत टाइप केलेल्या डायरीच्या फाइल सीडीवर आहेत. आता उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसतो. मजकूर गेला का? – एक वाचक, खारघर

उत्तर : गेलेला नाही. तेव्हाचे बरेचसे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आधी सीडीची पूर्ण नक्कल हार्ड डिस्कवर करा, कारण सीडी तेवढी वर्षं टिकेल याची खात्री नसते, आणि मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करा. फाइल वर्डमध्ये उघडून मजकूर निवडला की फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव दिसतं, तो तुमच्या संगणकावर नसला तरी. ते नाव लिहून घ्या. प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी असते, म्हणून त्याच फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत, बदलणारा परिवर्तक वापरायचा. भलताच वापरला तर अर्धी अक्षरं बरोबर येतात आणि तेवढ्याने फसायला होतं.

एकदम सगळं न बदलता एक पान बदलून डोळ्यांखालून घाला. चुका ठरावीक जागी सापडतात. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. 'किती' शब्द तपासा. रफार उलटा : तेव्हा शेवटी टाइप व्हायचा, आता आधी, 'सूर्य' तपासा. 'दुसऱ्या'मधला अर्धा र, 'ज्ञ', 'क्ष', 'श्र' आणि आकडेही बघा. एकच चूक सगळीकडे येत असेल तर शोधा-आणि-बदला वापरून एका फटक्यात सुधारते.

सुधारलेली फाइल वर्डबरोबरच साध्या टेक्स्टमध्ये, यूटीएफ-८ निवडून साठवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला – २००५-०७-२६ असं – म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. प्रती तीन हव्यात : एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन किंवा नातेवाइकांकडे. पेन ड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं टाकून ठेवायची वस्तू नाही, तिच्यातला मजकूर उडू शकतो. ऑनलाइन प्रत गूगलवर ठेवणार असाल तर त्या खात्यात अधूनमधून प्रवेश करत राहा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकण्याचा नियम त्यांनी २०२३मध्ये आणला आहे. डायरीसाठी म्हणून उघडलेलं वेगळं खातं नेमकं यातच सापडतं, म्हणून रोजच्या वापरातलंच खातं घ्या.