मावशींना विचारा : बाप व्हायची तयारी

प्रश्न : मावशी, माझं वय 29. कॉलेजपासूनचे आम्ही चौघे मित्र. कर्वेनगरला एकाच खोलीत राहिलो, दर पावसाळ्यात राजगड ठरलेला. लग्नानंतरही ते सुटलं नाही. आता बायको पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी गेली आहे. मित्र म्हणतात, ‘संपलास तू.’ मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटते. मी अजून तयार नाही. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : अरे, प्रसूती विभागात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. तयार होऊन आलेला बाप काही मला तिथे भेटला नाही. बाळ हातात दिल्यावर कोपर कुठे ठेवावं हे न कळून ताठ उभे राहिलेले मात्र पुष्कळ पाहिले.

माहेरच्या बाळंतपणात बाईला विसावा मिळतो, पण बाप पाहुणा होऊन बसतो. बारशाला पेढे घेऊन आला, फोटो काढले, गेला. तू तसं करू नकोस. रजेचं आत्ताच विचार. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस पितृत्व रजा मिळते; खासगी नोकरीत कायद्याने बापाला काहीच नाही, कंपनी देईल तेवढी. मला हे फार खटकतं.

सांगलीत रात्रीचं एक काम तुझं. दूध पिऊन झालं की बाळाला घे, हनुवटी तुझ्या खांद्यावर टेकव, एका हाताने मान सावर, दुसरा पाठीवरून खालून वर फिरव. ढेकर लवकर येत नाही, शर्टावर गुळणीही येते. पण तेवढ्यात तिचा डोळा लागतो. सासूबाई ‘राहू द्या, जावईबापू’ म्हणतील, तरी उठायचं. लसींचं कार्डही तूच सांभाळ : जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी; मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना. तिची उदासी दोन आठवड्यांपलीकडे गेली, तर ‘बाळंतिणीचं असतंच असं’ हे कुणाचंही ऐकू नकोस, डॉक्टरांकडे ने.

मित्रांचं म्हणशील, तर तू हातचा जाशील ही त्यांचीही भीती आहे. त्यांना ‘बाळ बघायला या’ म्हणू नकोस, काम सांग. ती पुण्याला आली की एकाने पाळणा बांधावा, एकाने डबा आणावा. सर्दी-खोकला असलेल्याने मात्र लांबच राहावं.

राजगडही सोडू नकोस. फक्त आधी एक रविवार तिला मोकळा दे. बाळ तुझ्याकडे, मदतीला तेच तिघे.