भूखंड विकण्याआधी लॅपटॉप परत द्या

प्रश्न : आमची जमीन नवी मुंबई विमानतळात गेली. त्या बदल्यात साडेबावीस टक्के योजनेतला विकसित भूखंड मिळालाय. मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीत फिजिक्सला ५८, गणिताला ७१. तीन वर्षं तो लॅपटॉपवर फ्लाइटगिअर नावाचा विमानाचा सिम्युलेटर घेऊन बसतो, म्हणून भूखंड विकून त्याला पायलट करायचं ठरवलं. आमच्या जमिनीवरच्या धावपट्टीवरून आमचाच पोरगा विमान उडवणार, असं भावकीला सांगून ठेवलंय. पण दिवाळीत नीट बघितलं, तर तो विमान उडवतच नाही. डोंगर, घरं, रस्ते बनवत बसतो. लॅपटॉप कपाटात ठेवलाय. त्याला परत पायलटच्या वाटेवर कसं आणू? त्याने बनवलेली दोन चित्रं आणि त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. – एक वडील, पनवेल तालुका

उत्तर : दादा, नमस्कार.

५८ आणि ७१ची मला काळजी वाटत नाही. ‘भावकीला सांगून ठेवलंय’ या शब्दांची वाटते. तुमचं पत्र पुन्हा वाचलं. मुलाला विचारलं, असं त्यात कुठेही सापडलं नाही.

ज्याची शेती धावपट्टीखाली गेली, त्याला आपल्या पोराने तिथूनच वर उडावं असं वाटणं मी समजू शकते. पण जे गेलं त्याची भरपाई मुलाच्या आयुष्यातून वसूल होत नसते. उद्या तो नापास झाला, किंवा लायसन्स मिळूनही दोन वर्षं घरी बसला, तर भूखंड गेल्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर येणार. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत तरी येणार.

पायलटचं दोन वाक्यांत सांगते, कारण ती माहिती कुठेही मिळते. बारावीला फिजिक्स-गणित, डीजीसीएची (हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची) वैद्यकीय तपासणी, २०० तासांचं उड्डाण, परीक्षा आणि पन्नास लाखांच्या वरचा खर्च. नोकरीची हमी कुणी देत नाही. कधीकाळी या वाटेला गेलातच, तर आधी वैद्यकीय तपासणी करा, मग भूखंडाचं बघा. उलटं केलेली घरं मी पाहिली आहेत.

आता तुमचा मोठा गैरसमज. सिम्युलेटर म्हटलं की पायलटच, असं तुम्ही धरून चाललात. घरी लॅपटॉपवर घालवलेला एकही तास लायसन्ससाठी धरला जात नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्या पडद्यावर विमानाखाली जी जमीन दिसते ती आपोआप उगवत नाही. फ्लाइटगिअर हा १९९०च्या दशकापासून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेला मुक्त सिम्युलेटर आहे. त्याला पृथ्वी पुरवावी लागते : डोंगरांच्या उंच्या एका ठिकाणाहून, रस्ते-नद्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावरून, इमारती कुणीतरी ब्लेंडर या त्रिमितीय आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून बनवलेल्या. टेराजिअर नावाच्या साधनांनी हे सगळं विणून एकेका अंशाच्या चौकोनात बसवायचं. याला ते लोक सीनरी म्हणतात. तुमचा मुलगा विमान चालवत नाही हे खरंच आहे. तो जमीन तयार करतोय.

त्याची चित्रं बघून मी थबकले. पहिल्या चित्रात तुमच्या जमिनीवरचा विमानतळ आहे. तिथल्या उंच्या त्याने ज्या मोजणीतून घेतल्या, ती फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने केलेली आहे. साधारण दर ३० मीटरला एक उंची. त्या मोजणीत विमानतळाच्या जागेवरची उलव्याची टेकडी जागच्या जागी उभी आहे! ती सुरुंग लावून कापली ते नंतर. म्हणजे ३७०० मीटरची धावपट्टी त्याने नुसती टाकली असती, तर ती टेकडीच्या अंगावरून गेली असती. त्याला हे आधी कळलं. मग त्याने उंच्या बदलल्या, टेकडी सपाट केली, उलवे नदी वळवली. बारावीच्या पोराने. जुना डेटा आणि आजची जमीन यांत फरक आहे हे ओळखणं हेच या धंद्यातलं अर्धं शिक्षण, आणि पदव्या घेऊन आलेल्या मुलांनाही ते चटकन जमत नाही.

हा धंदा कुठला, असं विचाराल. तुमच्याच भूखंडाचं उदाहरण घ्या. विमानतळाजवळ बांधायचं म्हणून उंचीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते ना? त्या अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी लागते, आणि त्यावरून किती मजले चढतील ते ठरतं. ती उंची मोजणारा माणूस आणि तुमचा मुलगा एकाच जातकुळीतले. सर्वेक्षण, जीआयएस (संगणकावरचे नकाशे आणि त्यांची माहिती), दूरसंवेदन (उपग्रह-विमानांतून जमीन टिपणं), ड्रोनचं नकाशाकाम, पायलटांना शिकवणाऱ्या मोठ्या सिम्युलेटरमधले विमानतळ, हे सगळं याच घरातलं.

शिक्षणाच्या वाटा सरळ आहेत. सीईटीतून सिव्हिल इंजिनीअरिंग, किंवा बीएससी करून पुण्याच्या विद्यापीठातून जिओइन्फॉर्मॅटिक्समध्ये, म्हणजे याच नकाशांच्या शास्त्रात, एमएससी. पुढे गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईचाही रस्ता आहे. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था घरबसल्या करता येणारे मोफत कोर्स घेते. त्यातला एखादा त्याने बारावीची परीक्षा संपताच करून बघावा.

गोडगोड बोलून मोकळी होणार नाही. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा असतो. पहिली एक-दोन वर्षं नकाशावर क्लिक करकरून शेतांच्या हद्दी काढण्यात जातात, आणि जो पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत नाही तो तिथेच अडकतो. गणिताचे ७१ म्हणजे चालतील, पण संख्याशास्त्र मागे लागणार आहे. वैमानिकाचा रुबाब यात नाही. गावात कुणाला सांगितलं तर ‘म्हणजे नक्की काय करतो?’ असं विचारतील. ते उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, सराव करून ठेवा.

एक ओरडा मुलालाही. चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की नवे रस्ते गूगलच्या उपग्रहचित्रावरून गिरवले. ते ओपनस्ट्रीटमॅपवर टाकायचे नाहीत, तिथे त्याला परवानगी नाही. फुकटात वाटल्या जाणाऱ्या कामात सामान कुठून आणलं याचा हिशेब जास्त चोख ठेवावा लागतो. ते रस्ते काढून टाक आणि सायकलवर जीपीएस लावून स्वतः फिरून घे.

दादा, आतापर्यंत मी फक्त पहिल्या चित्राबद्दल बोलले, ज्यात विमानतळ आहे. दुसऱ्यात टेकडी कापलेली नाही. पायथ्याशी गाव आहे, कौलारू घरं आहेत. चिठ्ठीच्या शेवटी त्याने लिहिलंय की गावदेवीचं देऊळ टेकडीच्या नेमक्या कुठल्या अंगाला होतं ते त्याला आठवत नाही. गाव उठलं तेव्हा तो लहान होता. देऊळ ठेवायला फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते : रेखांश, अक्षांश, उंची आणि तोंड कुठल्या दिशेला ते.

रविवारी लॅपटॉप कपाटातून काढा आणि त्याच्या शेजारी बसा. देवळाची दिशा त्याने सध्या शून्य टाकून ठेवली आहे.