मुलाला व्यावसायिक बॉक्सर व्हायचे आहे : कार्डिफहून आलेल्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. मुलगा 17 वर्षांचा असून ए-लेव्हलच्या (ब्रिटनमधील अकरावी-बारावीसारख्या अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षात आहे, गेली तीन वर्षे तो हौशी बॉक्सिंग करतो आहे आणि आता कॉलेज सोडून व्यावसायिक व्हायचे, असा त्याचा हट्ट आहे. ‘जो कॅल्झागीने तरी कुठे परीक्षांची पर्वा केली?’ या त्याच्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही, असे आपण लिहिता. मला हा प्रश्न उद्धट वाटत नाही. वेल्सचा जगज्जेता बॉक्सर कॅल्झागी हे उदाहरण मुलाने उत्तम निवडले आहे, पण ते शेवटाकडून वाचले आहे.

46 लढती, 46 विजय, त्यांपैकी 32 नॉकआउटने, ही ओळ त्याला पाठ असणार. ती 2008 च्या अखेरीस, कॅल्झागी 36 वर्षांचा असताना पूर्ण झाली. सुरुवातीचे पान निराळे आहे. न्यूब्रिजसारख्या लहान गावात वाढलेल्या या मुलाला शाळेत इतरांनी छळले. शिक्षणातून त्याचे मन उडाले ते त्या त्रासाने, आणि त्यात मिरवण्यासारखे काही नव्हते. पुढे व्यावसायिक होण्याची घाईही त्याने केली नाही. 1991, 1992 आणि 1993 अशी सलग तीन वर्षे, दरवर्षी वरच्या वजनगटात जाऊन, त्याने ब्रिटनमधील हौशी बॉक्सिंगचे एबीए विजेतेपद मिळवले आणि मगच, ऑक्टोबर 1993 मध्ये, कार्डिफ आर्म्स पार्कवर पहिली व्यावसायिक लढत खेळली. तेव्हा तो 21 वर्षांचा होता. आपल्या मुलाला तर ब्रिटिश बॉक्सिंग नियामक मंडळ 18 पूर्ण होईपर्यंत व्यावसायिक परवानाच देणार नाही, त्यामुळे आज कॉलेज सोडून त्याच्या हाती काहीच पडत नाही.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. 1997 मध्ये शेफील्डला ख्रिस युबँकला हरवून कॅल्झागी डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा सुपर मिडलवेट वजनगटातला विजेता झाला, तरी त्याच्या श्रेष्ठत्वाबद्दलच्या शंका फिटायला मार्च 2006 उजाडावा लागला. मँचेस्टरच्या त्या लढतीत त्याने जेफ लेसी या अमेरिकी विजेत्याला बाराही फेऱ्या अक्षरशः झोडपले. मधल्या आठ-नऊ वर्षांत तो विजेता होता, जिंकत होता आणि तरीही ‘मोठे प्रतिस्पर्धी कुठे आहेत?’ हे ऐकत होता. त्यातच त्याचे हात नाजूक, वारंवार दुखावणारे. लेसीशी लढण्याआधीही हाताच्या दुखण्यामुळे तो माघार घ्यायला निघाला होता. वडिलांनी, म्हणजे प्रशिक्षक एन्झो यांनी, त्याला अडवले. सार्डिनियाहून आलेले एन्झो मुळात संगीतात रमलेले गृहस्थ होते आणि व्यावसायिक रिंगणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता, पण मुलाला कधी रेटायचे हे त्यांना कळत होते. आपल्या मुलाजवळ असे माणूस कोण आहे, हे त्याच्या ठोशाच्या ताकदीपेक्षा आधी पाहावे.

व्यवहाराचेही पाहू. ब्रिटनमध्ये नवख्या बॉक्सरची कमाई बऱ्याचदा त्याने स्वतः विकलेल्या तिकिटांवर ठरते. म्हणजे सरावानंतर घामेजल्या अंगाने फोन हाती घेऊन शेजारी, नातेवाईक, जुने वर्गमित्र यांना तिकिटे खपवायची, त्यांतून पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याचे मानधनही भागवायचे आणि उरेल ते आपले. मॅनेजरचा वाटा 25 टक्क्यांपर्यंत असू शकतो. शिखरावर पोहोचल्यावरही कटकटी सुटत नाहीत : नोव्हेंबर 2007 मध्ये कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर डेन्मार्कच्या मिकेल केसलरला हरवणाऱ्या कॅल्झागीचा मानधनाचा वाद पुढे न्यायालयात गेला. करारपत्र वाचता येणे ही बॉक्सरच्या कामाची विद्या आहे, एवढे मुलाला जरूर सांगा.

आणि धोक्याविषयी आपण जे लिहायचे टाळले आहे, ते मी लिहितो. वेल्समधल्या मर्थरचा बॉक्सर जॉनी ओवेन 1980 मध्ये लॉस एंजलिसला जागतिक विजेतेपदाच्या लढतीत बाराव्या फेरीत कोसळला आणि काही आठवड्यांनी, अवघ्या 24 व्या वर्षी गेला. परवान्यासाठी आता मेंदूचे स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी सक्तीची आहे. त्याने जोखीम कमी होते, नाहीशी होत नाही.

मुलाला अलीकडचे उदाहरण हवे असेल तर लॉरेन प्राइसचे द्या. वेल्सच्याच या मुलीने खर्च भागवण्यासाठी टॅक्सी चालवली, टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले, त्यानंतर 2022 मध्ये, वयाची पंचविशी उलटल्यावर ती व्यावसायिक झाली आणि मे 2024 मध्ये कार्डिफमध्येच जागतिक विजेती ठरली.

तेव्हा माझा सल्ला असा. बॉक्सिंग बंद करू नका. बंदीने हट्ट वाढेल आणि चांगला क्लब हातचा जाईल. ए-लेव्हल पूर्ण होऊ द्या. पुढे फिजिओथेरपी किंवा क्रीडा प्रशिक्षण हे विषय कार्डिफमध्येच शिकता येतात, सराव सांभाळून शिकता येतात, आणि हात दुखावला तर उपयोगीही पडतात. एकविसाव्या वर्षापर्यंत हौशी गटात वेल्सच्या संघासाठी प्रयत्न करायचा, आणि परवान्याची चर्चा त्या वेळच्या निकालांवर करायची, असे त्याच्याशी ठरवून घ्या. तारीख त्याला निवडू द्या.

तत्पूर्वी एका संध्याकाळी आपण स्वतः क्लबमध्ये जाऊन बसावे. स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, मुलाला डोक्यावर जोरदार ठोसा बसल्यावर प्रशिक्षक सराव थांबवतात की ‘चालू दे’ म्हणतात, तेवढे पाहून मला कळवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक