टीएचा फॉर्म भरण्याआधी

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सीडीएस या लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रवेशपरीक्षेचं वय उलटून गेलं, एसएसबीच्या निवड-मुलाखतीत शेवटच्या दिवसापर्यंत टिकूनही नाव आलं नाही, तेव्हा आता टेरिटोरियल आर्मीत (टीएत) अधिकारी व्हायचं ठरवलंयस. इच्छेबद्दल काही म्हणणं नाही. कारण मात्र जरा खटकलं. हुकलेली फौज भरून काढायला टीएत येणारे बरेच असतात. त्यांतले काही छान रमतात. बाकीचे एक-दोन कॅम्प झाले की कुरकुरायला लागतात, कारण त्यांना बारा महिने वर्दी हवी असते.

टीएची मूळ कल्पना वेगळी आहे. १९४८ साली कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. पोटापाण्याचा उद्योग सांभाळणाऱ्या नागरिकाला सैनिकी शिक्षण देऊन ठेवायचं आणि गरज पडली की बोलवायचं. म्हणूनच पदवी आणि १८ ते ४२ हे वय यांच्या जोडीला स्वतःची कमाई असणं ही अट आहे. उत्पन्नाचा कागद जोडला की झालं, असं मुलं समजतात. मला विचारशील तर सगळ्यात वजनदार अट तीच. तुझी नोकरी डळमळीत असेल तर टीए ती सावरणार नाही, उलट आणखी हलवेल.

हिशेबच मांडून बघ. पहिल्या वर्षी महिन्याभराचं मूलभूत प्रशिक्षण. दर वर्षी दोन महिन्यांचा कॅम्प, तो पहिल्या वर्षीही चुकत नाही. शिवाय पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचं पोस्ट-कमिशन, म्हणजे अधिकारी झाल्यानंतरचं ट्रेनिंग. म्हणजे दोन वर्षांत सात-आठ महिने तू ऑफिसात नसणार. त्या काळात फौज तुला लेफ्टनंटचा पगार देईल: मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, वर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे आणि भत्ते. घरी परतलास की तो बंद. तुझ्या फ्लॅटचा हप्ता मात्र बाराही महिने चालू राहणार. पेन्शनच्या भरवशावर तर मुळीच येऊ नकोस. अधिकाऱ्याला त्यासाठी प्रत्यक्ष बोलावणीवरची वीस वर्षं भरावी लागतात.

लष्करी सेवेवरून आलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेण्याचं बंधन कायद्याने मालकावर घातलंय, हे खरं. पण कायदा खुर्ची राखून ठेवतो, मॅनेजरची मर्जी राखत नाही. प्रमोशनच्या बैठकीत तू हजर नसशील. मी कॉलेजात शिकवत होतो तेव्हा कॅम्पचा हुकूम आला की माझे तास घेणारा माणूस शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडायचं, वर स्टाफरूममधली "सरांची फौजी सहल" ही थट्टा. थट्टा सोसता येते. आजारी आईला सोडून निघणं सोसत नाही. तुझ्या घरी ती वेळ आली तर धावपळ कोण करणार, हे आधी ठरव.

आता कॅम्पमधलं सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. समज, तू कोल्हापूरच्या १०९ किंवा पुण्याच्या १०१ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए पलटणीत गेलास. (पलटण तुझ्या पसंतीनेच मिळेल असं धरून चालू नकोस.) संध्याकाळच्या रोल कॉलला एखादा जवान पुढे येऊन म्हणेल, "साहेब, गावाकडं ऊसतोड आलीय, चार दिवस सोडा." सीओ, म्हणजे पलटणीचा प्रमुख, नियमित सैन्यातला, कदाचित परप्रांतातला. त्याला वाटेल, पोरगं कॅम्प चुकवायला बघतंय. तोडणाऱ्यांची टोळी एकदा शिवारातून पुढे गेली की पुन्हा कधी फिरकेल याचा नेम नाही आणि उभा ऊस वाळला तर त्या घराचं वर्ष गेलं, हे त्या तंबूत तुलाच कळणार. लगेच रजा द्यावी असं मी म्हणत नाही. शेजारी-भावकीत कोण तोड बघेल, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला फोन करून पाळी मागे-पुढे होते का, हे विचार. मग सीओसमोर जा. ड्रिल, नकाशा, हत्यार यांत नियमित सैन्यातला तुझ्याच वयाचा कॅप्टन तुझ्या पुढेच असणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. नागरी जगातली तुझी जाण हीच तिथली तुझी कमाई.

आणि दोन महिने हा किमान आकडा आहे. पायदळाच्या कितीतरी टीए पलटणी सलग काही वर्षं एम्बॉडी, म्हणजे प्रत्यक्ष सेवेवर बोलावलेल्या असतात. मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीएला बोलावण्याचे अधिकार दिले, तेव्हा ३२ पैकी १४ पायदळ पलटणींचा त्यात समावेश होता. १९६२, १९६५, १९७१, तिन्ही वेळा टीए गेली होती. हुकूम आला की प्रोजेक्टची डेडलाइन सांगता येत नाही.

धोनीचं उदाहरण तू दिलंस, ते सोडून दे. त्याची लेफ्टनंट कर्नलची पदवी मानद आहे, आणि तरी तो पॅरा पलटणीत जाऊन राहिला, याबद्दल मला आदरच आहे. तुझ्या वाटेवरची माणसं बघायची तर सचिन पायलट, अनुराग ठाकूर बघ. राजकारण सांभाळून त्यांनी टीएचं रीतसर कमिशन घेतलं.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. लेखी पेपरात रीझनिंग, गणित, सामान्य ज्ञान, इंग्रजी. तुला जड नाही. पुढे एसएसबी आणि मेडिकल. जागा मात्र मोजक्याच निघतात, २०२५ च्या जाहिरातीत १९ होत्या. म्हणजे नाव आलं नाही तरी आश्चर्य नको.

सध्या दोन कामं कर. एचआरकडून ना-हरकत पत्र मिळेल का ते तोंडी नको, ईमेलवर विचार. आणि कॉलेजात फुटबॉल खेळताना दुखावलेला तो उजवा गुडघा एखाद्या ऑर्थोपेडिककडे दाखवून घे. मला लेखीपेक्षा मेडिकलची काळजी जास्त आहे. रिपोर्ट आला की पाठव, मग पुढचं बोलू.

तुझे,
सर