घरी चांगली कॉफी करायची आहे, दहा हजारांत कुठलं मशीन घेऊ?

तुम्ही लिहिलंय की आजवर घरी इन्स्टंटच होती, पण ऑफिसजवळच्या कॅफेतली कॅपुचिनो आवडायला लागली आणि आता तशी कॉफी घरी करावीशी वाटते. हाताशी दहा हजार रुपये आहेत, आणि एस्प्रेसो (कॅपुचिनोच्या तळाशी असते ती दाबाने काढलेली घट्ट कॉफी) करायचं मशीन कुठलं घ्यावं ते ठरत नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. एवढ्या पैशांत मशीन घेऊ नका. चारपाचशे रुपयांचा स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर घ्या, एक छोटा वजनकाटा घ्या आणि बाकीचे पैसे महिनाभर तसेच राहू द्या.

हे सांगते, कारण मी स्वतः मशीनपासून सुरुवात केली होती. खोक्यावर मोठ्या अक्षरात एस्प्रेसो लिहिलेलं, किंमत आवाक्यातली, म्हणून घेतलं. ते यंत्र आत पाणी उकळायचं आणि त्या वाफेच्या दाबावर पाणी पुडीतून ढकलायचं. कॉफी यायची ती करपट आणि तरीही पातळ. पूड बदलून पाहिली, दूध बदलून पाहिलं, दोन महिन्यांनी ते माळ्यावर गेलं. दोष माझ्या हाताचा आहे असंच मी तेव्हा धरून चालले होते. एस्प्रेसोला पुडीवर साधारण ९ बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाब लागतो, हे मला नंतर कळलं. त्या दाबाखाली १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरते. नुसत्या वाफेवर चालणारं यंत्र त्या दाबाच्या जवळपासही पोचत नाही.

पंपावर चालणारी स्वस्त यंत्रंही आहेत आणि त्यांवर १५ बार, २० बार असे आकडे छापलेले असतात. तो पंपाचा कमाल दाब झाला, पुडीला तेवढा नकोच असतो. अशा यंत्रांत बहुतेक वेळा दुहेरी बुडाची चाळणी येते. तिच्या खालच्या बुडाला एकच बारीक भोक असतं, त्यातून कॉफी जोराने बाहेर पडते आणि वर फेस दिसतो. दिसायला छान, पण चव मागेच राहते. साधी, एकेरी बुडाची चाळणी लावायची म्हटली तर पूड इतकी नेमकी बारीक हवी की चांगल्या ग्राइंडरवाचून भागत नाही, आणि तो ग्राइंडर यंत्राच्या बरोबरीने पैसे मागतो. दहा हजारांत या दोन्ही गोष्टी नीट बसत नाहीत.

आता तुमच्या कॅपुचिनोकडे येऊ. तुम्हाला ती आवडते याचा अर्थ तुम्हाला दुधातली, दाट, कडवटपणाची बारीकशी धार असलेली कॉफी आवडते. उपकरण निवडताना मी सगळ्यांना पहिला प्रश्न हाच विचारते, की दूध घालणार की काळी पिणार? फ्रेंच प्रेस (पाण्यात भिजलेली पूड जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायचं भांडं), कागदी फिल्टरवर ओतून केलेली कॉफी, या पद्धती काळ्या कॉफीसाठी उत्तम, पण त्यात दूध घातलं की सगळं फिकं, पांचट होतं. दूध पेलायला तळाशी घट्ट अर्क लागतो. तसा अर्क आपल्याकडे कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या निघतोय, तोही विजेशिवाय.

साउथ इंडियन फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं असतात आणि आत दांडी असलेली जाळीदार चकती येते. वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड घालायची, भांडं हलकेच ठोकून ती सपाट करायची, चकती अलगद टेकवायची. दाबून बसवू नका, नुसती टेकली पाहिजे. मग उकळी आलेलं पाणी गॅसवरून उतरवून अर्धा मिनिट थांबायचं आणि आधी फक्त पूड भिजेल एवढंच ओतायचं. ताजी पूड असेल तर ती फुगते, बुडबुडे येतात. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड त्या वेळी बाहेर पडत असतो. तो गेला की उरलेलं पाणी घाला, सगळं मिळून १२० मिलिलिटरच्या आसपास. झाकण लावा आणि विसरून जा. पंधरा-वीस मिनिटांत खाली काळंभोर, मधाच्या रंगाची कड असलेलं डिकॉक्शन, म्हणजे तो घट्ट अर्क, जमतं. एका वाट्याला दोन ते तीन वाटे गरम दूध, आणि दोन पेल्यांतून उंचावरून वरखाली केलं की फेसही येतो. डिकॉक्शन मात्र पुन्हा गॅसवर उकळू नका, त्याने सगळा सुगंध जातो आणि कडूपणा तेवढा उरतो. गरम करायचं ते दूध.

दोन मिनिटांत सगळं गळून गेलं तर पूड भरड आहे. तासभर थेंबच पडत नसेल तर पूड फार बारीक आहे, चकती घट्ट दाबली गेली आहे किंवा भोकं बुजली आहेत. भोकं बुजली तर स्टीलचं वरचं भांडं चिमट्याने धरून गॅसच्या ज्योतीवर मिनिटभर फिरवायचं. अडकलेली पूड जळून जाते, मग घासून घ्यायचं. मला हे माटुंग्याच्या एका मामींनी शिकवलं, आणि तोच फिल्टर माझ्याकडे अजून चालतोय.

माटुंग्याचं नाव निघालंच आहे तर पुडीबद्दल लिहिते, कारण चवीचा मोठा वाटा उपकरणात नाही, पुडीत आहे. तिथे बिया भाजून, समोर दळून देणारी जुनी दुकानं आहेत. आत शिरण्याआधीच वास येतो. तिथल्या फलकावरचे शब्द पहिल्यांदा गोंधळात टाकतात. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. प्लँटेशन म्हणजे धुऊन वाळवलेली अरेबिका, पुढचं ए किंवा बी हे दाण्याच्या आकाराची प्रतवारी सांगतं. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरली जाते ती. रोबस्टा अधिक कडवट, अंगाने जड आणि कॅफिनही तिच्यात जास्त. दुधाच्या कॉफीसाठी प्लँटेशन आणि थोडी रोबस्टा असं मिश्रण करून मागा.

मग दुकानदार विचारेल, चिकोरी किती? चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, आपल्याकडे ते गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफिन नसतं, पण रंग येतो, दाटपणा येतो, आणि ती पाणी धरून ठेवत असल्याने डिकॉक्शन सावकाश उतरतं. ती स्वस्त असते, म्हणून सढळ हाताने मिसळली जाते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, तेव्हा पाकीट उलटून वाचा. सुरुवातीला ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी घ्या. पुढच्या वेळी ९०-१० घ्या, मग बिनचिकोरीची. तीन फेऱ्यांत तुम्हाला स्वतःची आवड कळेल, आणि तिथवर पोचायला हजार रुपयेही लागणार नाहीत.

पूड एका वेळी १०० ग्रॅमच घ्या. दळलेल्या कॉफीचा सुगंध काही दिवसांतच उतरतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ती ओल धरून गोळा होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, दर वेळी बाहेर काढताना आत दव धरतं.

जाता जाता एक सांगते. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. लग्नाच्या पंगतीनंतर मिळायची तशी. पहिल्यांदा नीट डिकॉक्शन जमलं तेव्हा मी आईला त्यावर चिमूटभर जायफळ घालून दिली. ती पेला संपेपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, "हीच ती." जायफळ उकळू नका, पेल्यात ओतल्यावर वरून किसा.

महिनाभर रोज केलीत आणि कंटाळा आला नाही, तर बाजूला ठेवलेल्या पैशांतून ग्राइंडर घ्या. मशीन तेव्हाही नाही. मिक्सरचं पातं बिया दळत नाही, तोडतं. त्यामुळे काही कण पिठासारखे आणि काही डाळीएवढे राहतात. पिठासारख्या कणांतून कडूपणा जास्त उतरतो, मोठे कण आतून कोरडेच राहून आंबट, पोकळ चव देतात, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये दोन दातेरी शंकू असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त करता येतं, म्हणून कण एकसारखे पडतात. आपलं जातं आठवा, दोन पाळ्यांमधलं अंतर धरून दळायचं, तत्त्व तेच. चार-सहा हजारांत स्टीलच्या दात्यांचा बरा ग्राइंडर मिळतो. चिनी मातीच्या दात्यांचे हजार-दीड हजारवाले टाळा, त्यांची दांडी डुगडुगते आणि कण पुन्हा विषम पडतात. दळणाचा अंदाज स्वयंपाकघरातूनच घ्या: फ्रेंच प्रेसला जाडा रवा, कागदी फिल्टरला त्याहून थोडं बारीक, साउथ इंडियन फिल्टर आणि मोका पॉटला (गॅसवर ठेवायचं कॉफीचं छोटं भांडं, त्याबद्दल पुढे) बारीक रव्याहून किंचित बारीक. बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. भाजून आठवडा झालेल्या आणि महिन्याच्या आत संपतील अशा बिया घ्या. कर्नाटकातल्या चिकमगळूर, कोडगूच्या बिया आता घरपोच मिळतात.

ग्राइंडर आला की दुसरं उपकरण घ्यायला हरकत नाही, आणि तुमच्यासाठी ते मोका पॉट असेल. १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी तो बाजारात आणला. खालच्या भागात गरम पाणी झडपेच्या खालपर्यंत, मधे पूड न दाबता, मंद आच, आणि खरखर आवाज सुरू झाला की लगेच उतरवायचा. तो एस्प्रेसो देत नाही, पण दूध पेलेल इतकी घट्ट कॉफी नक्की देतो. दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही. आणि तीन कपांचा लहान पॉट आपल्या गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही, कलंडतो. खाली पापड भाजायची जाळी ठेवा. तीन कप म्हणजे पन्नास मिलिलिटरचे तीन छोटे कप, त्यामुळे दोघांना दुधाची कॉफी करायला तेवढा पुरतो.

काळी कॉफी प्यावीशी वाटू लागली तर कागदी फिल्टरचा शंकू घ्या. १९०८ साली जर्मनीत मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला, तिथून ही पद्धत निघाली. १५ ग्रॅम पुडीला २४० मिलिलिटर पाणी, एवढं प्रमाण लक्षात ठेवा. वसतिगृहात राहणाऱ्या किंवा सतत फिरतीवर असणाऱ्या कोणासाठी विचारलं असतंत तर मी एरोप्रेस (हाताने दट्ट्या दाबून कॉफी काढायची प्लास्टिकची नळी) सांगितला असता, तो फुटत नाही.

वजनकाटा मात्र टाळू नका. चमच्याने मोजलेली पूड रोज चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे होते, आणि मग आज चांगली का झाली आणि काल का बिघडली, याचा पत्ता लागत नाही. पाणीही पाहा. बोअरवेलचं जड पाणी चव मारतं, किटलीत पांढरा थर धरतं. पिण्याचं गोडं पाणी वापरा.

पहिलं डिकॉक्शन उतरायला किती मिनिटं लागली आणि पाकिटावर चिकोरी किती टक्के होती, एवढं इथे प्रतिक्रियेत लिहा. त्यावरून पुढच्या वेळी दळण कसं मागायचं ते सांगते.