ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले खेळाडू पस्तिशीजवळ आल्यावर मैदानावरची जागा का बदलतात?

कारण मिडफिल्डरचं, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्याचं, काम पायांची राख करतं. अंडाकृती मैदान साधारण 135 ते 185 मीटर लांब, आणि मिडफिल्डर एका सामन्यात सहज 12-13 किलोमीटर धावतो. त्यातही पुन्हा पुन्हा सुसाट धाव, टक्कर, उठून परत धाव. वय वाढलं की खेळाची समज जात नाही. दमल्यावर सावरायला मात्र जास्त वेळ लागतो.

गॅरी ॲब्लेट ज्युनियरचंच पाहा. 2009 आणि 2013 मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक त्याने मिळवलं, तेही मिडफिल्डर म्हणून. 2018 मध्ये गोल्ड कोस्ट क्लबकडून तो आपल्या जुन्या जिलाँग क्लबकडे परतला, आणि पुढे गोलच्या जवळ, फॉरवर्ड म्हणून खेळू लागला. तिथे धावपळ कमी, पण चेंडू कुठे पडेल हे आधी ओळखणं आणि दोन्ही पायांनी अचूक किक मारणं यांना सोन्याचं मोल. ते त्याच्याकडे होतंच! 36 व्या वर्षी, 2020 ची ग्रँड फायनल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळूनच तो निवृत्त झाला. रिचमंडविरुद्धच्या त्या सामन्यात सुरुवातीलाच खांदा दुखावला, तरी तो परत मैदानात उतरला.

दुसरी वाट मागे, बचावफळीतल्या हाफ-बॅकच्या जागेवर जाते. शॉन बर्गॉइन तिथूनच संयमाने चेंडू पुढे काढायचा. 38 व्या वर्षापर्यंत 407 सामने खेळला. मला स्वतःला हाच बदल जास्त भावतो, कारण सगळं मैदान समोर दिसत असतं आणि अनुभवाचा खरा उपयोग तिथे होतो.